दुकान सांभाळून शिकताना: ‘सायबरसाइट’ आणि ‘कम्युनिटी आय हेल्थ जर्नल’ यांचे परीक्षण

तालुक्याच्या गावात चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टला (डोळे आणि नंबर तपासणाऱ्या व्यावसायिकाला) पदवीनंतर शिकत राहायचे असेल, तर त्याची पहिली अडचण वेळेची असते. परिषदा आणि कार्यशाळा मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद अशा शहरांत भरतात, त्या बहुधा शनिवार-रविवार धरून ठेवलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दोन दिवशी नोकरदार गिऱ्हाईक व शाळेतली मुले दुकानात येतात. दुकानात दुसरा तपासणारा माणूस नसेल, तर शिकायला जाणे म्हणजे शटर ओढणे. अशा परिस्थितीत घरबसल्या आणि पैसे न मोजता वापरता येणारी दोन साधने मी बराच काळ नियमाने वापरत आलो आहे. पहिले ‘ऑर्बिस’ या संस्थेचे ‘सायबरसाइट’ हे नेत्रशिक्षणाचे संकेतस्थळ आणि दुसरे लंडनहून निघणारे ‘कम्युनिटी आय हेल्थ जर्नल’ हे नियतकालिक. दोन्ही साधने उत्तम आहेत, प्रामाणिकपणे चालवलेली आहेत, आणि आपल्याकडच्या प्रत्येक ऑप्टोमेट्रिस्टने ती वापरावीत असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र काउंटरवर उभे राहून चष्मा मोजणाऱ्या, बसवणाऱ्या आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बेतून देणाऱ्या ऑप्टिशियनच्या कामाला या दोन्हींत पुरेशी जागा मिळालेली नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

शिकत राहण्याची गरज कोणाला पटवून द्यावी लागू नये, पण आपल्या व्यवसायात ती अजूनही पटवून द्यावी लागते. जुन्या पिढीतले अनेक जण दोन वर्षांची पदविका घेऊन या कामात आले. पुढे तीन वर्षे अभ्यास आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप अशी पदवी आली. पदवी कोणतीही असली, तरी ती घेतानाची विद्या दहा वर्षांत मागे पडते. मुलांच्या वाढत्या मायनस नंबरकडे आपण पूर्वी केवळ दर वर्षी काच बदलण्याचे निमित्त म्हणून पाहत होतो. आज नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास रचनेच्या चष्म्याच्या काचा, त्याच हेतूच्या कॉन्टॅक्ट लेन्स आणि नेत्रतज्ज्ञांनी द्यायचे कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपीन या औषधाचे थेंब हे उपाय प्रत्यक्ष वापरात आले आहेत. २०१६ साली दृष्टिसंशोधक ब्रायन होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या निकटदृष्टीची, म्हणजे मायनस नंबरची, असेल. हे ठाऊक नसलेला दुकानदार दहा वर्षांच्या मुलाच्या आईला काय सल्ला देणार?

कायद्याच्या अंगाने पाहिले तर आपण अजून वाटेवर आहोत. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा २०२१ मध्ये झाला आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश आहे, ही मोठी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये मात्र शिकत राहणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. तेथील जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंदणी टिकवायची असेल, तर ऑप्टोमेट्रिस्ट आणि डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन (चष्मा बेतून देणारा) या दोघांनाही तीन वर्षांच्या चक्रात किमान ३६ गुण मिळवावे लागतात, त्यांपैकी निम्मे संवादात्मक शिक्षणातून यावे लागतात, आणि ऑप्टोमेट्रिस्टने सहकाऱ्यांसोबत बसून प्रत्यक्ष केसेसवर चर्चा केलेली असावी लागते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित योजनेत, शिकलेल्या गोष्टीचा आपल्या कामावर काय परिणाम झाला याचे लेखी चिंतनही अपेक्षित आहे. मला त्या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की ऑप्टिशियनला तिथे स्वतंत्र, नोंदणीकृत आणि शिकत राहण्यास बांधलेला व्यावसायिक मानले जाते. आपल्याकडे चष्म्याचे दुकान उघडायला शॉप अ‍ॅक्टच्या पलीकडे शिक्षणाची काही अट असते, असा अनुभव कोणाला नाही.

आता सायबरसाइटकडे वळतो. ऑर्बिस इंटरनॅशनल ही संस्था विमानातल्या नेत्ररुग्णालयामुळे जगभर माहीत आहे. १९८२ मध्ये तिचे पहिले विमान निघाले आणि तेव्हापासून शस्त्रक्रिया करता करता स्थानिक डॉक्टरांना शिकवण्याचे काम ती करत आली आहे. विमान एका वेळी एकाच गावी उतरू शकते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी २००३ च्या सुमारास तिने इंटरनेटवरून शिकवण्याचा जो मार्ग सुरू केला, तोच सायबरसाइट. नेत्रसेवेत काम करणाऱ्या कोणालाही विनामूल्य नोंदणी करता येते. आत गेल्यावर पायरीपायरीने पुढे जाणारे अभ्यासक्रम, ठरलेल्या वेळी होणारी थेट व्याख्याने, जुन्या व्याख्यानांचा मोठा संग्रह, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी दूरस्थ सल्ल्याची सोय असे चार भाग आहेत. अभ्यासक्रम पुरा करून चाचणी उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते.

या चारांपैकी मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग म्हणजे व्याख्यानांचा संग्रह. थेट व्याख्यान दुकानाच्या गर्दीच्या वेळी आले, तरी हुरहूर वाटत नाही, कारण ते मागाहून पाहता येते. दुपारी दोन ते चार बाजारपेठ थंड असते, त्या वेळात एक व्याख्यान निवांत होते. शिवाय बऱ्याच व्याख्यानांखाली बोललेल्या मजकुराची पूर्ण लिखित प्रत दिलेली असते. परदेशी वक्त्याचे इंग्रजी उच्चार कानाला चटकन लागत नाहीत, अशा वेळी ही प्रत फार मोलाची ठरते. थांबवावे, वाचावे, वहीत टिपावे आणि पुन्हा पुढे जावे, अशा रीतीने ज्याचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे तो माणूसही अवघड विषय पुरता समजून घेऊ शकतो. व्याख्यानाच्या शेवटी श्रोत्यांचे प्रश्न घेतले जातात, आणि माझा सल्ला असा की हा भाग कोणी गाळू नये. नेपाळ, इथिओपिया, पेरू अशा ठिकाणच्या माणसांच्या अडचणी आणि आपल्या अडचणी यांत विलक्षण साम्य असते: यंत्र एकच, वीज जाते, रुग्ण दुरून आलेला असतो आणि तो पुन्हा येईल याची खात्री नसते.

लहान मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीवरचे साहित्य तर प्रत्येकाने डोळ्यांखालून घालावे इतके चांगले आहे. आपल्याकडे शाळेतल्या शिबिरात मुलाला ऑटोरिफ्रॅक्टोमीटरवर (आपोआप नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) बसवतात, त्याची चिठ्ठी हातात देतात, आणि आई ती चिठ्ठी घेऊन दुकानात येते. मुलाच्या डोळ्याची जवळ पाहण्यासाठी जोर लावण्याची ताकद मोठी असते. यंत्रात डोकावताना तो जोर सुटत नाही आणि चिठ्ठीवर मायनस नंबर जास्त येतो, कधी कधी तर प्लसचा डोळाही मायनस दिसतो. अशा मुलाला चिठ्ठीबरहुकूम चष्मा दिला की त्याचे नुकसान होते. रेटिनोस्कोपी करणे (म्हणजे डोळ्यात प्रकाशाची रेघ फिरवून नंबर ठरवणे), शंका आल्यास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवून थेंब घालून तपासणी करून घेणे, डोळा आत वळत असेल तर पूर्ण प्लस नंबर देण्याचे महत्त्व ओळखणे, आणि एका डोळ्याने कमी दिसत असेल तर आळशी डोळ्याचा विचार करून वेळ न दवडणे, या गोष्टी महाविद्यालयात शिकलेल्या असतातच. पण दुकानाच्या घाईत त्या झिजत जातात. वर्षातून एकदा तरी त्या कोणीतरी नव्याने, उदाहरणांसह आणि ठामपणे सांगाव्या लागतात, आणि ते काम सायबरसाइट चोख करते.

दुसरा लाभ रुग्ण पुढे पाठवण्याच्या निर्णयात होतो. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल, काचबिंदू आणि मोतीबिंदू या विषयांवर तेथे भरपूर साहित्य आहे. ते डॉक्टरांसाठी असले, तरी ऑप्टोमेट्रिस्टला त्यातून नेमके काय पाहायचे याची समज येते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा दूरचा नंबर थोड्या आठवड्यांत मायनसकडे सरकला, तर साखर तपासली आहे का हे विचारणे. पिनहोलमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पाहूनही अक्षरे सुधारत नसतील, तर काचा बदलत बसण्याऐवजी पुढे पाठवणे. अचानक चमका आणि काळे ठिपके दिसू लागल्याची तक्रार असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगणे. तालुक्याच्या गावात डोळ्यांसाठी माणूस पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात येतो, डॉक्टरकडे बऱ्याच उशिरा जातो. त्यामुळे या शिक्षणाचे मोल शहरापेक्षा इथे अधिक आहे, असे मला मनापासून वाटते.

दूरस्थ सल्ल्याच्या भागाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो मुख्यतः उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या उपयोगाचा आहे. रुग्णाची ओळख न देता माहिती आणि छायाचित्रे पाठवायची आणि अनुभवी तज्ज्ञांनी मार्गदर्शन करायचे, अशी ती रचना आहे. डोळ्याच्या पडद्याच्या छायाचित्रांवरून आजार ओळखण्यास मदत करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सोयही तिथे आहे. ज्यांच्याकडे फंडस कॅमेरा (या पडद्याची छायाचित्रे घेणारा) आहे आणि जे एखाद्या नेत्रतज्ज्ञासोबत काम करतात, त्यांनी हा भाग त्यांच्याच सोबतीने पाहावा.

मर्यादा दोन आहेत. पहिली भाषेची. साहित्य इंग्रजीत आहे, स्पॅनिश, फ्रेंच, चिनी अशा काही भाषांतही आहे, पण मराठीत नाही. ऑप्टोमेट्रिस्ट त्यातून वाट काढतो, परंतु दुकानातला सहायक किंवा लॅबमध्ये काचा घासणारा कारागीर त्यापासून दूरच राहतो. दुसरी मर्यादा संगणकाच्या स्क्रीनवरून मिळणाऱ्या सर्वच शिक्षणाची आहे. रेटिनोस्कोपी डोळ्यांनी पाहून कळते, पण हाताला येत नाही. रुग्णापासून ६६ सेंटीमीटरवर बसून तपासले तर आलेल्या नंबरातून १.५० वजा करायचे आणि ५० सेंटीमीटरवर बसलो तर २.००, हे सर्वांना पाठ असते. पण काम करताना आपण नकळत पुढे झुकतो आणि अंतर कमी होते, हे शेजारी उभे राहून सांगणारा माणूसच लक्षात आणून देतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीच्या संकेतस्थळावर रेटिनोस्कोपीचा एक सिम्युलेटर आहे. त्यावर प्रकाशाची रेघ फिरवून सिलिंडर नंबराचा अक्ष (कोन) शोधण्याचा सराव चांगला होतो, आणि नवख्यांनी तो जरूर करावा. तरीही हलणारे, रडणारे, डोळे मिटून घेणारे तीन वर्षांचे मूल कोणत्याही सिम्युलेटरमध्ये नसते.

कम्युनिटी आय हेल्थ जर्नलची प्रकृती अगदी निराळी आहे. ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर आय हेल्थ’ या लंडनमधील केंद्राने १९८८ मध्ये ते सुरू केले, डॉ. मरे मॅकगॅव्हिन हे त्याचे पहिले संपादक, आणि हे केंद्र आता लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचा भाग आहे. अल्प साधनांत काम करणाऱ्या नेत्रसेवकांपर्यंत उपयोगी ज्ञान पोहोचवणे हा त्याचा पहिल्यापासूनचा हेतू आहे आणि तो त्याने सोडलेला नाही. प्रत्येक अंक एका विषयाला वाहिलेला असतो, लेख दोन-चार पानांचे असतात, भाषा सोपी आणि सरळ असते, आणि सर्व अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. दृष्टिदोष आणि चष्म्यांच्या सेवेवर २००७ मध्ये आणि निकटदृष्टीवर २०१९ मध्ये निघालेले अंक आपल्या कामाच्या सर्वांत जवळचे आहेत. लेखांसोबत येणारे बहुपर्यायी प्रश्न आणि त्यांची स्पष्टीकरणे वाचताना आपल्याला काय येत नाही ते चटकन उघड होते.

या नियतकालिकाचा मला सर्वाधिक आवडणारा भाग म्हणजे कृती शिकवणारी आणि उपकरणांची निगा सांगणारी छोटी पाने. स्नेलेन तक्त्यावर (अक्षरांच्या उतरत्या ओळींच्या) दृष्टी कशी मोजायची, यासारखा सगळ्यांना येतो असे वाटणारा विषय तिथे चित्रांसह, एक पायरीही न गाळता लिहिलेला असतो. इस्माएल कॉर्देरो या जैववैद्यकीय अभियंत्याने उपकरणांच्या निगेवर लिहिलेली मालिका तर प्रत्येक दुकानात छापून लावावी अशी आहे. रेटिनोस्कोप आणि ट्रायल लेन्सचा (नंबर तपासताना डोळ्यापुढे धरायच्या काचांचा) संच यांच्या देखभालीवरही त्यात लेख आहे. आपल्याकडे यंत्र बिघडले की पुण्या-मुंबईहून माणूस येईपर्यंत काम अडते. बल्बला बोटाचा तेलकटपणा लागू न देणे, वापर नसताना सेल काढून ठेवणे, ट्रायल लेन्स मऊ कापडाने पुसणे, धूळ बसू नये म्हणून रात्री यंत्रावर आच्छादन घालणे या साध्या सवयी लावून घेतल्या तर यंत्रांचे आयुष्य वाढते आणि मोजमापही बिनचूक राहते.

भाषेची अडचण इथेही आहे, पण लेख छोटे असल्यामुळे ती सोडवता येते. आमच्या दुकानात काचा बसवणारे काका इंग्रजी वाचत नाहीत. त्यांचा हात मात्र असा आहे की वाकलेली धातूची फ्रेम ते केवळ अंदाजाने सरळ करतात आणि ती टेबलावर ठेवली की चारही बाजूंनी टेकते. दुपारच्या वेळी मी एखादा लेख मराठीत सांगतो आणि ते त्यावर आपला अनुभव जोडतात. एकदा तपासणीच्या खोलीतील प्रकाशाविषयी वाचत असताना ते म्हणाले, “साहेब, तक्त्यावरची ट्यूब जुनी झाली की माणसं एक ओळ कमी वाचतात, हे मी कधीपासून बघतोय. तुम्ही मग नंबर वाढवता, आणि तोच माणूस आठवड्याने चष्मा घेऊन माझ्यापुढे उभा राहतो.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. वर्षानुवर्षे हाताने काम करणाऱ्या माणसाकडे असे ज्ञान असते. त्याला शास्त्राची जोड देणारे शिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

दुकानात परत येणाऱ्या चष्म्यांच्या तक्रारी पाहिल्या, तर माझ्या अनुभवात त्यांतील बऱ्याच तक्रारींत नंबर बरोबर असतो आणि काच चुकीच्या जागी बसलेली असते. उणे सहाच्या चष्म्याचे उदाहरण घेऊ. माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर ६० मिलिमीटर आहे आणि काचांचे मध्य ६६ मिलिमीटरवर बसले आहेत, म्हणजे प्रत्येक काच बाहेरच्या बाजूला ३ मिलिमीटर सरकली आहे. प्रेंटिसच्या नियमाने सेंटीमीटरमधले सरकणे आणि नंबर यांचा गुणाकार केला, तर प्रत्येक डोळ्यापुढे १.८ आणि दोन्ही मिळून ३.६ प्रिझम, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणारा परिणाम, उभा राहतो. त्याचा पाया (जाड बाजू) नाकाकडे असतो, त्यामुळे एकच प्रतिमा दिसत राहावी म्हणून डोळ्यांना सतत बाहेर वळावे लागते. हीच चूक वर-खाली झाली, म्हणजे एक काच दुसरीपेक्षा ३ मिलिमीटर खाली बसली, तर उभा १.८ प्रिझम तयार होतो आणि तो डोळ्यांना मुळीच सोसत नाही. गिऱ्हाईक डोके दुखते म्हणते, आपण पुन्हा नंबर तपासतो, नंबर तोच येतो, आणि मग ‘सवय होईल’ असे सांगून त्याला परत पाठवले जाते.

प्रोग्रेसिव्ह काचांत, म्हणजे दूरचा ते जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या काचांत, हे आणखी नाजूक होते. प्रत्येक डोळ्याची पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचे अंतर) वेगळी मोजावी लागते, कारण नाकाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. फिटिंग हाइट (फ्रेममधली बाहुलीची उंची) घेण्याआधी फ्रेम त्या माणसाच्या चेहऱ्यावर पूर्ण बेतून घ्यावी लागते, म्हणजे नोज पॅड, काड्यांची लांबी, फ्रेमचा पुढचा कल आणि डोळ्यापासूनचे अंतर हे सर्व आधी ठरले पाहिजे. त्यानंतर तपासणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या समपातळीवर बसून फ्रेममधल्या डमी (बिननंबरी) काचेवर बाहुलीच्या मध्याशी खूण करायची. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो: आधी माप, मग काचा, आणि चष्मा तयार झाल्यावर नोज पॅड दाबून फ्रेम वर-खाली केली जाते, म्हणजे घेतलेले माप तिथेच निरर्थक ठरते. लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) काच तपासताना आधी आयपीस स्वतःच्या डोळ्याला जुळवून घेतला नाही, तर नंबर चुकीचा वाचला जातो. या विषयांवर पद्धतशीर, चाचणीसह आणि प्रमाणपत्रासह शिकवणारा अभ्यासक्रम सायबरसाइटच्या किंवा जर्नलच्या मुख्य प्रवाहात मला मिळाला नाही. ही दोन्ही साधने अंधत्व टाळण्याच्या ध्येयातून जन्मली आहेत, त्यामुळे त्यांचे लक्ष आजारांकडे असणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. परंतु चष्मा हीसुद्धा अंधत्वाविरुद्धची लढाईच आहे. आसामच्या चहामळ्यांत काम करणाऱ्या चाळिशी पार केलेल्या मजुरांना जवळचे चष्मे दिल्यावर त्यांच्या कामाचा उतारा वीस टक्क्यांहून अधिक वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२४ मध्ये सुरू केलेला ‘स्पेक्स २०३०’ हा उपक्रमही लोकांपर्यंत योग्य चष्मा पोहोचवण्यासाठीच आहे. ‘योग्य’ या शब्दाची अर्धी जबाबदारी तपासणाऱ्यावर आहे, आणि उरलेली अर्धी चष्मा बेतून देणाऱ्यावर.

ही उणीव आज काचांच्या कंपन्या आपापल्या परीने भरून काढतात. जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलच्या सभागृहात अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण असते, त्यात प्रोग्रेसिव्हची मापे कशी घ्यायची हे चांगले दाखवतात, आणि सहायकांनाही बोलावतात. त्यांचे मी स्वागत करतो, आणि दुकानातल्या प्रत्येकाला तिथे पाठवावे असे सुचवतो. तथापि, मी गेलेल्या एका अशा प्रशिक्षणात शेवटचा दीड तास केवळ महागड्या काचांच्या श्रेणी समजावण्यात गेला, आणि प्रत्यक्ष फ्रेम हातात घेऊन माप घेण्याच्या सरावाला वेळच उरला नाही. विक्रीचे शिक्षण आणि व्यवसायाचे शिक्षण एका छताखाली होऊ शकते, पण वेळ अपुरा पडला की दरवेळी दुसऱ्याचाच बळी जातो. हे काम महाविद्यालयांनी आणि व्यावसायिक संघटनांनी हाती घ्यायला हवे. एका रविवारी एका जिल्ह्यात वीस माणसे, दहा फ्रेमा, एक लेन्सोमीटर आणि मराठीत बोलणारा एक अनुभवी ऑप्टिशियन एवढी तयारी पुरेशी आहे.

प्रमाणपत्रांविषयीही बोलणे आवश्यक आहे. सायबरसाइटवर ती सहज मिळतात, आणि काही जण ती एकामागून एक जमा करतात. कोणते प्रमाणपत्र कुठे ग्राह्य धरले जाते, हे ज्या संस्थेकडे तुमची नोंदणी आहे तिच्याकडेच आधी विचारून घ्यावे. माझ्या दृष्टीने खरे मोल प्रत्येक व्याख्यानानंतर वहीत लिहिलेल्या दोन-चार ओळींचे आहे: आज काय कळले, उद्यापासून दुकानात काय बदलणार, आणि महिन्याने ते बदलले का. ब्रिटनमधल्या योजनेतून उचलण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे सहकाऱ्यांसोबतची चर्चा. आमच्या तालुक्यातले काही ऑप्टोमेट्रिस्ट आणि ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी बाजार बंद असतो त्या दिवशी एकत्र बसतात. एक जण आधी पाहिलेले व्याख्यान थोडक्यात सांगतो आणि मग प्रत्येक जण अडलेली एखादी केस मांडतो, रुग्णाचे नाव न घेता. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक असलेली माणसे अशी मोकळेपणाने बोलतील का, अशी शंका सुरुवातीला होती. प्रत्यक्षात केस अवघड असली की स्पर्धा आपोआप मागे पडते, आणि ज्याच्याकडे थेंब घालून तपासणी करणाऱ्या चांगल्या डॉक्टरांची ओळख आहे तो ती इतरांनाही करून देतो.

कोणी कुठून सुरुवात करावी, याविषयी माझे मत असे आहे. नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेल्याने सायबरसाइटवरील मुलांच्या तपासणीची व्याख्याने आधी पाहावीत, कारण पहिल्या वर्षात सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. दुकानात वर्षानुवर्षे काम केलेल्या आणि अभ्यासाची सवय सुटलेल्या माणसाने जर्नलचा निकटदृष्टीवरचा २०१९ चा अंक घ्यावा. लेख छोटे असल्याने दडपण येत नाही, आणि मुलांच्या पालकांना बाहेर उजेडात खेळण्याविषयी, नंबराच्या वाढीविषयी आणि नव्या काचांविषयी काय सांगायचे हे त्यातून स्पष्ट होते. कुटुंबाचे दुकान असेल आणि वडील किंवा काका पदवीशिवाय पण उत्तम काम करत असतील, तर उपकरणांच्या निगेची पाने त्यांच्यासोबत बसून वाचावीत. मोबाइलवर दोन्ही चालते, तथापि डोळ्याच्या पडद्याची छायाचित्रे मोठ्या स्क्रीनवर पाहिल्याशिवाय त्यांतले बारकावे दिसत नाहीत, म्हणून त्या व्याख्यानांसाठी संगणकच वापरावा. इंटरनेट संथ असलेल्या गावांत जर्नलचे लेख उतरवून, छापून ठेवलेले बरे.

दोन्ही साधनांना मी मनापासून शिफारस देतो. सायबरसाइटला तपासणी आणि आजारांच्या ओळखीसाठी, जर्नलला रोजच्या शिस्तीसाठी. चष्मा बेतण्याच्या शिक्षणासाठी मात्र आज तरी अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहण्याला पर्याय नाही. ज्यांच्या गावात असा माणूस आहे, त्यांनी त्याच्याकडे महिन्यातून एक दुपार तरी मागून घ्यावी, जाताना आपल्या दुकानात परत आलेले चष्मे सोबत न्यावेत, आणि प्रत्येक चष्म्याचे मध्य लेन्सोमीटरवर खूण करून, पीडीशी ताडून, त्याच्यासमोर तपासावेत.